हौसेच्या तळ्याचा मातीबांध

निफाड तालुक्यातील लासलगाव देशाला ठाऊक आहे ते कांद्याच्या लिलावांमुळे. येथील बाजार समिती १९४७ साली स्थापन झाली आणि तिच्या आवारात निघणाऱ्या भावाकडे दिल्लीचेही लक्ष असते. या बाजारामागे पाण्याचा एक हिशेब उभा आहे. हा भाग सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतो, पावसाळा सरल्यावर नाले लवकर आटतात, आणि उन्हाळ कांद्याला पाण्याची निकड नेमकी त्यानंतरच्या महिन्यांत भासते. निफाड-येवल्याकडे जाणाऱ्या पालखेडच्या डाव्या कालव्याचे आवर्तन, म्हणजे ठरावीक दिवसांसाठी सोडलेले पाणी, ज्यांच्या शिवारापर्यंत पोहोचते त्यांचे काही अंशी भागते; बाकीच्यांना विहीर, कूपनलिका आणि साठवलेले पाणी यांवरच भिस्त ठेवावी लागते.

त्यामुळे शेततळे ही या परिसरात नवलाईची गोष्ट राहिलेली नाही. राज्य शासनाने २०१६ साली ‘मागेल त्याला शेततळे’ ही योजना आणली, तिच्यात जास्तीत जास्त ३० मीटर लांब, ३० मीटर रुंद आणि ३ मीटर खोल तळ्यासाठी ५० हजार रुपयांपर्यंत अनुदान ठेवले, आणि त्याआधीपासून फलोत्पादन अभियानातून होणाऱ्या मोठ्या सामूहिक शेततळ्यांची त्यात भर पडत गेली. लोक या सगळ्यांना सरसकट ‘तळे’ म्हणत असले, तरी अभियांत्रिकीच्या दृष्टीने त्यांत दोन निराळ्या जाती आहेत. संपूर्ण खोदून काढलेल्या तळ्यातील पाणी भोवतालच्या जमिनीच्या पातळीखाली असते, त्यामुळे ते फुटून वाहून जाण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. खोदलेली माती कडेने रचून पाणी जमिनीच्या वर उचलले, किंवा नाल्याला आडवा भराव घालून ते अडवले, की ती रचना आकाराने कितीही लहान असली तरी धरण ठरते, कारण त्या पाण्याला आता खाली जायला वाट आहे आणि ती वाट केवळ मातीने रोखून धरलेली आहे. नाल्यावरच्या भरावाला आणखी एक जोखीम चिकटलेली असते: पंपाने भरलेल्या, प्लास्टिक अंथरलेल्या तळ्यात किती पाणी घ्यायचे ते मालक ठरवतो, नाल्यावरच्या तळ्यात ते पाऊस ठरवतो.

अशा खासगी मातीबांधाचा उपयोग सिंचनाऐवजी, किंवा सिंचनाच्या जोडीने, करमणुकीसाठी होऊ लागला की त्याच्या गरजा बदलतात. हा बदल मालकाच्या सहसा लक्षात येत नाही. राज्याने २०२० साली कृषी पर्यटनाचे धोरण जाहीर केले. नाशिकच्या आसपास द्राक्षबागा, वाइनरी आणि शेतावरचे निवास यांचा चांगला जम बसला आहे, विंचूरचा वाइन पार्क तर लासलगावच्या शेजारीच आहे, आणि पाहुण्यांना पाण्याकाठी बसायला, मासे पकडायला, होडी वल्हवायला आवडते हे कोणत्याही चतुर मालकाला कळते. सरकारी पाण्याचा असा वापर जिल्ह्यात रुळलेलाच आहे. गोदावरीवरील गंगापूरचे मातीचे धरण, ज्याचा भराव सुमारे ३,९०० मीटर लांब आहे, आपल्या जलाशयाकाठी बोट क्लब बाळगून आहे. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळील नांदूर मध्यमेश्वरचा बंधारा ब्रिटिश काळात कालव्यांसाठी बांधला गेला, त्याच्यामागे गाळ साचून दलदल झाली, सिंचनाच्या दृष्टीने तोट्याची ही गोष्ट पक्ष्यांच्या पथ्यावर पडली, आणि २०२० साली ते राज्यातील पहिले रामसर स्थळ ठरले. मात्र या दोन्ही ठिकाणी पाण्याची मालकी आणि देखभाल शासनाकडे आहे. पाहुण्यांसाठी तळे राखणाऱ्या एकट्या मालकामागे तशी यंत्रणा नसते.

खासगी मालकीचे मातीबांध महाराष्ट्राला अपरिचित नाहीत. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांत गोंड राजवटीपासून, मुख्यतः कोहळी समाजाच्या कसबातून, हजारो तलाव बांधले गेले. पुढे ते मालगुजारांच्या, म्हणजे गावाचा सारा वसूल करणाऱ्या जमीनदारांच्या, ताब्यात राहिले आणि १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपल्यावर शासनाकडे आले. ‘माजी मालगुजारी’ या शब्दांची आद्याक्षरे घेऊन त्यांना आज मामा तलाव म्हणतात. मालक एक असला तरी त्या पाण्यावर अख्ख्या गावाचे धान अवलंबून असे, त्यामुळे पाळ खचली की ती दुरुस्त करायला गाव आपणहून उतरत असे. मालकी सरकारकडे गेल्यावर अनेक तलाव गाळाने भरले, पाळी खचल्या, आणि दुरुस्ती कोणी करायची हा प्रश्न कागदावर फिरत राहिला. हौसेच्या तळ्याच्या बाबतीत ही उणीव पहिल्या दिवसापासूनच असते, कारण त्याच्या पाण्यात खालच्या वस्तीचा काडीचाही वाटा नसतो. वाटा असतो तो फक्त धोक्यात.

मातीचे धरण म्हणजे मातीचा ढीग नव्हे. योग्य रीतीने बांधलेल्या भरावात मधोमध चिकण काळ्या मातीचा गाभा असतो, जो पाणी अडवतो, आणि त्याच्या दोन्ही अंगांना मुरमाचे आवरण असते, जे गाभ्याला आधार देते आणि त्याला उन्हापासून वाचवते. निफाड-येवल्याच्या पट्ट्यात काळी माती आणि मुरूम दोन्ही हाताशी मिळतात, त्यामुळे साहित्याची अडचण नसते; अडचण असते ती ते कोठे वापरायचे हे न समजण्याची. काळी माती ओली झाली की फुगते आणि वाळली की आकसते, मे महिन्यात शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात हे येथील प्रत्येक शेतकऱ्याला माहीत आहे, आणि तरीही संपूर्ण भराव काळ्या मातीचा रचून तो उघडा ठेवलेला आढळतो. त्या भेगांतून पहिल्या जोरदार पावसाचे पाणी थेट भरावाच्या पोटात शिरते. गाभ्याखाली जमिनीत एक खोल चर घेऊन ती कातळापर्यंत किंवा निदान कठीण मुरमापर्यंत नेतात आणि काळ्या मातीने ठोकून भरतात, म्हणजे धरणाखालून पाणी सरकत नाही. भराव पंधरा-वीस सेंटीमीटरच्या थरांनी, माती न चिखल न धूळ अशा ओलाव्यात ठेवून, रोलरने दाबत वर न्यावा लागतो. जेसीबीने एका आठवड्यात उभा केलेला आणि डंपरच्या चाकांनीच दाबला गेलेला भराव बाहेरून अगदी तसाच दिसतो, आणि दोन-तीन पावसाळ्यांत मधोमध खचतो.

पाण्याकडच्या बाजूचा उतार साधारणपणे अडीच-तीन मीटर आडवे गेल्यावर एक मीटर उभे, इतका सौम्य ठेवतात आणि लाटांनी तो झिजू नये म्हणून त्यावर दगडांचे अस्तर, म्हणजे पिचिंग, करतात. खालच्या बाजूच्या पायथ्याशी दगडांची रास आणि वाळूची गाळणी असते. भरावातून थोडेफार पाणी झिरपणारच. ते माती न नेता बाहेर पडावे एवढीच या गाळणीकडून अपेक्षा असते. आणि या सगळ्यांहून महत्त्वाचा भाग म्हणजे सांडवा, तळे भरल्यावर जादा पाणी बाजूने सुखरूप काढून देणारी वाट. मातीच्या धरणावरून पाणी वाहू लागले की ते धरण वाचत नाही. दगडी बंधाऱ्यावरून पूर वर्षानुवर्षे जातो. मातीच्या भरावावरून गेलेले पाणी खालचा उतार कापत मागे येते आणि काही तासांत खिंडार पाडते.

करमणुकीसाठी मातीच्या धरणात कोणकोणते फेरफार केले जातात आणि त्यांचे काय होते, याचा सर्वांत पूर्ण आणि सर्वांत भयंकर दाखला अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यातला आहे. साउथ फोर्क येथील सुमारे २२ मीटर उंचीचे आणि २८४ मीटर लांबीचे मातीचे धरण मुळात राज्य सरकारने जलवाहतुकीच्या कालव्याला पाणी पुरवण्यासाठी बांधले होते. १८५३ साली ते पूर्ण झाले, पण तोवर रेल्वे येऊन कालव्याचा व्यवसाय संपला होता. धरण रेल्वे कंपनीकडे गेले, पुढे खासगी हातांत आले, आणि १८७९ नंतर ते पिट्सबर्गच्या धनाढ्यांच्या मासेमारी व शिकार क्लबाच्या मालकीचे झाले. पोलाद उद्योगातील अँड्र्यू कार्नेगी आणि हेन्री क्ले फ्रिक हे त्या क्लबाचे सभासद होते. तळाशी पाणी सोडण्यासाठी बसवलेले ओतीव लोखंडाचे नळ आधीच्या मालकाने काढून भंगारात विकले होते. क्लबाने ते पुन्हा बसवले नाहीत, त्यामुळे तळे खाली करण्याची सोयच उरली नाही. भरावाच्या माथ्यावरून सभासदांच्या घोडागाड्या समोरासमोर जाव्यात म्हणून माथा कापून रुंद करण्यात आला आणि त्यात उंची सुमारे एक मीटरपर्यंत घटली. मुद्दाम आणून सोडलेले मासे पुराबरोबर निघून जाऊ नयेत म्हणून सांडव्यावर लोखंडी जाळ्या बसवल्या. यांतला प्रत्येक फेरफार सोयीचा होता आणि प्रत्येकाने धरणाचा एकेक आधार काढून घेतला.

३१ मे १८८९ रोजी अतिवृष्टीने तळे चढू लागले, वाहून आलेला काडीकचरा जाळ्यांत अडकला, सांडवा तुंबला, आणि जाळ्या काढायला माणसे गेली तेव्हा त्या हलण्यापलीकडे गेल्या होत्या. मजुरांनी दुसऱ्या टोकाला घाईघाईने चर खोदून पाहिली, माथ्यावर मातीची वरंबही घातली. शेवटी पाणी माथ्यावरून गेले, दुपारी तीनच्या सुमारास धरण फुटले, आणि सुमारे २३ किलोमीटर खालचे जॉन्सटाउन शहर उद्ध्वस्त झाले. २,२०९ माणसे मेली. क्लबाविरुद्धच्या दाव्यांत एकाही पीडिताला भरपाई मिळाली नाही. न्यायालयांनी या घटनेकडे दैवी आपत्ती म्हणून पाहिले. कार्नेगीने शहराला नवे ग्रंथालय बांधून दिले.

साउथ फोर्कचे धरण उंचीने लहान म्हणता येत नाही, म्हणून त्याच देशातील दुसरे उदाहरण जवळचे वाटेल. जॉर्जिया राज्यातील टोकोआ येथे एका धार्मिक महाविद्यालयाच्या मालकीचे केली बार्न्स नावाचे जेमतेम बारा मीटर उंचीचे मातीचे धरण होते. त्यावर पूर्वी वीज तयार होत असे. १९५७ नंतर ती बंद झाली आणि तळे केवळ करमणुकीसाठी राहिले. ६ नोव्हेंबर १९७७ रोजी मध्यरात्रीनंतर दीडच्या सुमारास पावसात ते फुटले आणि खालच्या महाविद्यालयाच्या आवारातील ३९ जणांचा जीव गेला. ज्या धरणापासून वीज किंवा पीक मिळते त्याकडे कोणी तरी पाहत असते. ते उत्पन्न थांबले की भरावावर फिरणारा माणूसही थांबतो. या दुर्घटनेनंतर राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी देशभरातील, केंद्र सरकारच्या मालकीची नसलेल्या धोकादायक धरणांची तपासणी करण्याचे आदेश दिले.

सांडव्यावरच्या जाळीचा प्रश्न लासलगावच्या नाल्यावर किती खरा आहे, हे साध्या आकडेमोडीने दाखवता येते. समजा तळ्याचे पाणलोट क्षेत्र, म्हणजे ज्या जमिनीचे पावसाचे पाणी तळ्यात उतरते ते क्षेत्र, ५० हेक्टर आहे. त्यावर एका तासात ५० मिलिमीटर पाऊस पडला आणि त्यातील साठ टक्के वाहून आला, तर तासाभरात १५ हजार घनमीटर, म्हणजे सेकंदाला चार घनमीटरहून थोडे अधिक पाणी तळ्यात येते. हे पाणी सांडव्यावरून ६० सेंटीमीटर खोलीने काढायचे असेल तर सांडवा साधारण साडेपाच मीटर रुंद हवा. आता माशांसाठी जाळी बसवली, तीत बाभळीच्या फांद्या, कांद्याची पात आणि प्लास्टिकचे कागद अडकले, आणि अर्धी रुंदी बंद झाली, तर तेवढेच पाणी जाण्यासाठी त्याची खोली ९५ सेंटीमीटरपर्यंत चढते. लहान भरावांवर सांडव्याच्या उंबऱ्यापासून माथ्यापर्यंत जेमतेम मीटरभर अंतर सोडलेले असते, त्यात माथा मध्यभागी हातभर खचलेला असला तर पाणी भरावावरून जाते. आणखी मोह होतो तो उंबराच वाढवण्याचा: सांडव्यावर वाळूची पोती किंवा विटांचे दोन थर रचले की तळ्यात फूटभर पाणी जास्त राहते, होडीला खोली मिळते. ज्या फुटाने होडी तरंगते तो धरणाच्या सुरक्षिततेतून उचललेला असतो.

पुराने फुटणाऱ्या धरणांच्या खालोखाल क्रमांक लागतो तो आतून पोखरल्या जाणाऱ्यांचा. भरावातून झिरपणारे पाणी मातीचे कण बरोबर नेऊ लागले की खालच्या अंगापासून पाण्याकडे सरकत जाणारी नळी तयार होते आणि शेवटी ती एकाएकी मोठी होते. याची सुरुवात डोळ्यांना दिसते, फक्त ती पाहायला कोणी तरी पायथ्याशी गेले पाहिजे. एप्रिलमध्ये आजूबाजूचे गवत पिवळे पडलेले असताना भरावाच्या पायथ्याशी एखादाच पट्टा हिरवागार असतो, त्यात पाणकणीस उगवलेले असते, पाय टाकला तर टाच रुतते. तेथून निघणारे पाणी काचेच्या पेल्यात धरल्यावर स्वच्छ असेल तर काळजी मध्यम, गढूळ असेल तर तळे त्याच दिवशी उतरवायला घ्यावे लागते. भरावातून पंपाचा पाइप, दिव्यांची केबल किंवा कारंज्याची नळी आडवी नेली की तिच्या कडेने माती नीट दाबली जात नाही आणि पाण्याला तयार वाट मिळते. सावलीसाठी माथ्यावर लावलेला गुलमोहर हा आणखी एक हौशी गुन्हा: झाड उभे असताना मुळे भरावात शिरतात, वाऱ्याने पडले तर मातीचा मोठा गठ्ठा उपटून नेते, आणि वाळले तर कुजलेल्या मुळांच्या जागी पोकळ नळ्या उरतात. भरावावर गवत शोभते, झाड शोभत नाही.

२ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातील तिवरे येथील मातीचे धरण फुटून वीसच्या आसपास माणसे दगावली, तेव्हा खेकड्यांनी भराव पोखरला असे कारण जाहीरपणे दिले गेले आणि महाराष्ट्रभर त्याची टर उडवली गेली. टर उडवण्याजोगे ते होतेच, कारण गावकऱ्यांनी गळतीच्या तक्रारी आधीच केल्या होत्या. परंतु खेकडे, उंदीर, घुशी आणि साळिंदर यांची बिळे हा मातीच्या धरणांचा जगभर मान्य असलेला शत्रू आहे, आणि बिळे बुजवणे हे मालकाचे नेहमीचे काम आहे. चूक बीळ सांगण्यात नव्हती. ते ज्याने बुजवायचे त्याचे नाव न सांगण्यात होती. तिवऱ्याला मालक शासन होते. खासगी तळ्यावर तक्रार कोणाकडे करायची, हेच खालच्या शेतकऱ्याला ठाऊक नसते.

सिंचनाचे तळे दरवर्षी मार्च-एप्रिलपर्यंत रिकामे होते, आणि ती त्याची आपोआप होणारी तपासणी असते: पाण्याकडचा उतार उघडा पडतो, निसटलेले पिचिंग दिसते, गाळ काढता येतो. पाहुण्यांचा हंगाम मात्र नेमका सुट्टीत, मे महिन्यात असतो, त्यामुळे हौसेचे तळे बाराही महिने काठोकाठ ठेवण्याकडे कल असतो. नाशिकच्या पूर्व भागासारख्या कोरड्या हवेत उघड्या पाण्यावरून वर्षाला दीड मीटरहून अधिक पाणी बाष्प होऊन जाते, म्हणजे एक हेक्टर पाणपसाऱ्याच्या तळ्यातून दीड कोटी लिटर. ही तूट विहिरीतून भरून काढायची, आणि तीही शेजारच्या विहिरी तळ गाठत असताना, यात शेजारधर्म कितपत राहतो हे निराळे सांगायला नको. उलट गाळ काढण्यासाठी किंवा मासे धरण्यासाठी तळे दोन दिवसांत पंपांनी उपसले, तर ओली माती पाण्याचा आधार गेल्यावर स्वतःच्या वजनाने घसरते; म्हणून ते हळूहळू, आठवड्यांच्या हिशेबाने उतरवावे लागते.

बुडण्याचा धोका याहून कितीतरी नेहमीचा आहे. प्लास्टिक अंथरलेल्या तळ्याचा उतार ओला झाल्यावर पायाला धरू देत नाही आणि पोहता येणाऱ्यालाही बाहेर पडता येत नाही. कुंपण, काठावरून पाण्यात सोडलेले गाठीचे दोर आणि बांधलेले टायर एवढ्या स्वस्त उपायांनी तो बराचसा टळतो.

कायद्याची पकड या लहान बांधांवर सैल आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ नुसार नदी-नाले आणि त्यांतील पाणी, कोणाचा हक्क सिद्ध झालेला नसल्यास, शासनाच्या मालकीचे असते, त्यामुळे जमीन स्वतःची असली तरी तीतून जाणारा नाला अडवण्याची मोकळीक आपोआप मिळत नाही. डिसेंबर २०२१ मध्ये अमलात आलेला धरण सुरक्षा कायदा खासगी मालकांनाही लागू आहे, पण तो १५ मीटरहून उंच धरणांना, आणि १० ते १५ मीटरमधील फक्त ठरावीक निकषांत बसणाऱ्या धरणांना लागतो. म्हणजे सहा मीटरचा बांध त्याच्या जाळ्यातून निसटतो. राज्याची धरण सुरक्षितता संघटना नाशिकमध्येच आहे, शासकीय धरणांची पावसाळ्याआधी आणि नंतर पाहणी होते, आणि लासलगावच्या शिवारातील खासगी भरावाची पाहणी मात्र मालकाच्या मर्जीवर राहते.

धोकादायक साठ्याबाबतच्या दिवाणी जबाबदारीचा नियम मात्र मुळातच एका खासगी तळ्यापासून सुरू झालेला आहे. इंग्लंडमधील लँकेशायर परगण्यात रायलँड्स नावाच्या गिरणीमालकाने बांधून घेतलेल्या तळ्याचे पाणी १८६० साली जुन्या खाणींच्या विवरांतून फ्लेचर या शेजाऱ्याच्या कोळशाच्या खाणीत शिरले, आणि १८६८ साली हाउस ऑफ लॉर्ड्सने ठरवले की जो आपल्या जमिनीवर निसर्गतः नसलेली धोकादायक वस्तू आणून साठवतो, तिच्या सुटण्याने झालेल्या नुकसानीस तो निष्काळजीपणा सिद्ध न होताही जबाबदार आहे. भारतात हा नियम जसाच्या तसा चालला नाही. कार्वेटनगरच्या जमीनदाराचे तलाव अतिवृष्टीने फुटून मद्रास रेल्वेचा मार्ग वाहून गेला, तेव्हा प्रिव्ही कौन्सिलने १८७४ साली जमीनदाराला जबाबदार धरण्यास नकार दिला. हे तलाव पुरातन आहेत, त्यांच्यावर लोकांची शेती आणि जीवन अवलंबून आहे, ते राखणे हे जमीनदाराचे कर्तव्यच आहे, त्यामुळे हयगय दाखवल्याशिवाय भरपाई मागता येणार नाही, असे तिचे म्हणणे होते. तो बचाव गावाच्या गरजेवर उभा होता. ज्या तळ्यात फक्त पाहुण्यांच्या होड्या फिरतात त्याच्या मालकाला तो मिळणे कठीण दिसते. अशी जमीन बांधासकट विकत घेणाऱ्यावर ही जबाबदारीही चालून येते. सातबाऱ्यावर तळ्याखालचे क्षेत्र पोटखराब म्हणून नोंदलेले आढळू शकेल, सांडव्याची रुंदी आणि माथ्याची पातळी मात्र तेथे आढळणार नाही, ती मापे जागेवर जाऊन टेप आणि लेव्हल लावून घ्यावी लागतात.